मधली जागा सोडली

प्रिय अहो,

नाव लिहावं म्हटलं, पण हात पुढे सरेना. उखाण्यातलं सोडलं तर तोंडानं कधी घेतलं नाही, आणि आता एकदम कागदावर लिहू? तुम्हीच म्हणाला असता, काय गं, फार मोठी झालीस! म्हणून आपलं अहोच.

चौथी शिकलेल्या बाईनं पत्र लिहायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या अक्षराला तुम्ही मुंग्यांची रांग म्हणायचात. तर आज त्या मुंग्या निघाल्यात. कारण असं की माझ्या हाताला काहीतरी काम हवंय. हात मोकळे राहिले तर मी उठेन, बाहेरच्या त्या लांबलचक गालिच्यावरून चालत जाईन आणि टोकाच्या खोलीचं दार वाजवीन. आणि ते दार मला वाजवायचं नाहीये! आत आपला सागर आणि सूनबाई तेजश्री आहेत. काल संध्याकाळी आत गेले ते गेलेच. सकाळी नाश्त्याला खाली भेटायचं ठरलं होतं. मी आणि आपली नात इरा आंघोळ करून, वेणीफणी करून तयार बसलोय. ऊन चांगलं वर आलं. कोणी आलं नाही. फोन नाही, काही नाही.

काय चाललं असेल हो आत? तुम्हाला वरून काही दिसतं का?

थांबा, मी शेपटापासून सांगायला लागले. आधी कुठे आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही मला सागरच्या घरी, पार्सिपनीत शोधाल.

मी फ्लोरिडात आहे. समुद्राकाठी एक गाव आहे, ग्रीक लोकांचं. गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. फार जुनं गाव. सागर म्हणाला, यांचे आजे-पणजे तिकडून, त्यांच्या बेटांवरून आले, समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायला. मला वाटायचं स्पंज कारखान्यात होतो! तर नाही, तो समुद्राच्या तळाशी उगवतो. इथं दुकानादुकानातून त्याच्या माळा टांगल्यात, आपल्याकडे लसणाच्या टांगतात तशा. एक हातात घेतला तर अगदी मधाचं पोळं! दुकानातली म्हातारी काळे कपडे घातलेली, माझ्याच वयाची. तिला माझी भाषा येईना, मला तिची. तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या काळ्या झग्याला हात लावला आणि बोट वर केलं. मी पण बोट वर केलं. झालं की बोलणं! तिनं इराच्या हातात एक छोटा स्पंज फुकट ठेवला. तिचे ते तुम्हाला वर कुठे भेटले तर नमस्कार सांगा. स्पंजवाले म्हणून विचारा.

आता खरं ग्रीस सोडून फ्लोरिडातल्या ग्रीसला का, असं तुम्ही विचारणारच. तेजश्रीला खऱ्या ग्रीसलाच जायचं होतं. लग्नाला दहा वर्षं झाली त्याबद्दल. पण या दोघांच्या व्हिसाची भानगड अशी की देश सोडून बाहेर गेलं तर परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. तोवर नोकरी गेली तर? म्हणून देशाच्या आतलंच ग्रीस शोधून काढलं पोरीनं. हुशार आहे. तुम्ही मुलगी बघून आल्यावर म्हणाला होतात, ही सागरला पुरून उरेल. उरली हो!

हॉटेल काय सांगू तुम्हाला! पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, आणि खोलीतूनच थेट वाळूत उतरायला जिना. आपलं फलटणचं अख्खं घर त्या न्हाणीघरात मावेल. पलंग तर असा की त्यावर चार माणसं आडवी पडून पुन्हा पाहुणा झोपवता येईल. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या, आणि टॉवेलांचे दोन हंस! चोचीला चोच लावून बसवलेले, माना वाकवलेल्या. मी टाळीच वाजवली. म्हटलं, आपल्यासाठी केवढा थाट केलाय या लोकांनी!

आणि मग मी काय केलं, ऐका. इरा वाळूतून ओले पाय घेऊन आली होती. मी एक हंस उचलला, सोडला, आणि तिचे पाय पुसले. पाकळ्या सगळ्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या. चांगल्या गुलाबाच्या होत्या, गुलकंद होईल म्हटलं. तेजश्री दारात उभी होती. म्हणाली, "राहू द्या ना आई." मी म्हटलं, "अगं, वाया कशाला घालवायच्या?" ती गप्प बसली. तिची ती गप्प बसण्याची तऱ्हा मला तेव्हा कळली नाही.

तुम्ही कपाळाला हात लावला असेल आता. मीही लावला, पण दुसऱ्या दिवशी.

खरं म्हणजे मी इथं यायचीच नव्हते. मी आणि इरा घरी राहायचं, शेजारच्या काकू येऊन-जाऊन बघतील, असं ठरलं होतं. पण मध्ये मी ठेच्याला मिरच्या परतत होते, तर छतावरचं ते यंत्र बोंबलायला लागलं, आणि आगीचा बंब दारात! उंचच्या उंच गोरे शिपाई, डोक्यावर टोप, आणि मी हातात कालथा घेऊन उभी. मी त्यांना बसा म्हटलं, चिवडा दिला. एकानं तर दोनदा घेतला. सागर ऑफिसातून धावत आला तो पांढराफटक. तेव्हापासून त्यानं मनात घेतलं, आईला एकटीला ठेवायचं नाही. आमची तिकिटं काढली आणि जेवताना सांगितलं, "सरप्राइज! आई आणि इरा पण येतायत!"

मी इतकी खूश झाले की तेजश्रीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती "बरं" म्हणाली. तेवढंच. मग ताट उचलून गेली.

दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकूट घेतलं. परगावी पोटाचे हाल नकोत.

आता जे सांगते ते तुम्ही जरा बसून ऐका.

दोघांचं काहीतरी बिनसलंय हे मला घरीच दिसत होतं. एकमेकांशी बोलायचेच नाहीत. "इरा, बाबाला सांग जेवण गरम केलंय." "आई, तेजूला सांग मला उशीर होईल." मी आपली निरोप्यासारखी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. म्हटलं नोकरीचं टेन्शन असेल. पण विमानतळावरून हॉटेलकडे येताना गाडीत सागरचा फोन वाजला. तो इंग्रजीत बोलला, पण 'मंडे' आणि 'बेलव्ह्यू' एवढं मला कळलं. बेलव्ह्यू म्हणजे अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडच्या नव्या नोकरीचं बोलणं चाललं होतं.

फोन ठेवल्यावर तेजश्री म्हणाली, "कळव ना मग सोमवारी. तुझं तर ठरलंच आहे. तू जा, मी आणि इरा राहतो पार्सिपनीतच."

"आईसमोर नको, तेजू."

"आईसमोर नको, इरासमोर नको. मग कुठे, सागर? मीटिंग लावू का ऑफिसात? यासाठीच बुक केलं होतं हे हॉटेल मी!"

मग गाडीत फक्त रस्ता सांगणारी ती बाई बोलत होती.

अहो, मी आणि इरा राहतो म्हणजे काय? किती दिवस? कायमचं? इथं तर काय, चार घरं सोडून एक घर असं असतं, की एक आठवडा पोर आईकडे, एक आठवडा बापाकडे. इराच्या वर्गातल्या मुलीचं तसंच आहे. इरा मला एकदा म्हणाली होती, "आजी, तिच्याकडे टू बेडरूम्स आहेत, लकी ना?" लकी म्हणे!

मग मी मनाशी ठरवलं. ही दोघं भांडली तर तुटतील, तर मग त्यांना भांडूच द्यायचं नाही. आपण मध्ये बसायचं! आपल्या घरात हेच बघितलं होतं ना मी? मोठं माणूस मध्ये असलं की आवाज चढत नाही. गाडीत मी दोघांच्या मधून मान काढून बसले आणि फलटणच्या गोष्टी सांगत सुटले. रात्री पलंगावर एका कडेला इरा, मध्ये मी, पलीकडे तेजश्री. सागर सोफ्यावर, पाय गुडघ्यापासून बाहेर. तेजश्रीच म्हणाली होती, "आई, तुम्ही बेडवर झोपा." मी झोपले! सागरच्या जागेवर, पाकळ्यांची पिशवी उशाला घेऊन.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर फिरलो तेव्हा मी मध्ये. फोटोत मी मध्ये. भांडण झालं नाही, खरं. सागर माझ्याशी बोलायचा, तेजश्री इराशी. आणि मी खूश, म्हटलं बघा कसं सांभाळलं!

मग संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी वाळूत टेबल मांडलं. पांढरं कापड, काचेत दिवा, समोर सूर्य बुडतोय. आणि टेबलाला खुर्च्या दोनच.

इरा म्हणाली, "व्हाय ओन्ली टू चेअर्स? आजी, आपण कुठे बसायचं?"

वाढणारा मनुष्य पन्नाशीचा होता. त्यानं एकदा सागरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कुठूनतरी दोन खुर्च्या ओढत आणल्या. वाळूत त्यांचे चर उमटले. एक त्यानं इराला दिली आणि एक, कुठे ठेवावी म्हणता? सागर आणि तेजश्रीच्या मध्ये. तेवढीच जागा होती. मी बसले. दिवा माझ्यासमोर आला.

तेजश्री उठली. "मी तोंड धुऊन येते." बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल.

आणि अहो, त्या क्षणी मला जेजुरी आठवली.

तुम्हाला आठवते का? हळद अजून निघाली नव्हती माझी. लग्नानंतर देवाला जायचं म्हणून आपण निघालो, तुम्ही, मी आणि सासूबाई. एसटीत मी खिडकीशी, तुम्ही कडेला, मध्ये सासूबाई मांडीवर बोचकं घेऊन. तुमचा चेहरासुद्धा मला नीट दिसत नव्हता. मला वाटत होतं, एक वाक्य बोलावं तुमच्याशी. काय बोलावं ते ठरवून ठेवलं होतं. तुम्हाला खांबावर चढायची भीती वाटते का, असं विचारायचं होतं. वायरमनची बायको झाले होते, विजेची मलाच भीती. विचारायचं ते विचारायचंच राहिलं, मग पोरं झाली, आणि एवढं काय विचारायचं, असं झालं.

गडाच्या पायऱ्यांशी आलो. इतर जोडपी होती. नवरे बायकांना उचलून पहिल्या पायऱ्या चढत होते, आजूबाजूचे हसत होते, भंडारा उडत होता. तशी रीतच आहे ना. तुम्ही माझ्यापुढे वाकलात. मी पदर खोचला. आणि सासूबाई म्हणाल्या, "नको रे बाबा, कंबरेत भरेल. सोमवारी खांबावर चढायचंय." तुम्ही उभे राहिलात. मी पदर सोडला. मग तिघंही चालत वर गेलो, सासूबाई मध्ये, दोघांचा हात धरून.

अहो, खांबावर चढणारा माणूस तुम्ही, आणि बायको जड झाली तुम्हाला? हे मी तुम्हाला आयुष्यभर ऐकवलं. भांडी आपटून ऐकवलं, पाहुण्यांसमोर हसत हसत ऐकवलं. आणि सासूबाईंना मनात काय काय म्हटलं, ते त्या आता तुमच्याच जवळ असतील म्हणून लिहीत नाही.

पण सासूबाई तरी काय वाईट होत्या? त्यांना तुमच्या कंबरेची काळजी होती. मला या दोघांच्या संसाराची काळजी. काळजीपोटीच त्या तिथं बसल्या आणि काळजीपोटीच मी इथं बसले. वाळूत, दिव्यासमोर, त्याच जागेवर!

ताटात कसलासा मासा होता, लिंबू पिळलेला. तसाच ठेवला.

काल दुपारी तेजश्री ऑफिसच्या कामासाठी वर लॅपटॉप घेऊन बसली होती, सागर पोहायला गेला होता. मी इराचा हात धरला आणि खालच्या काउंटरवर गेले. म्हटलं, "इरा, त्या बाईला सांग, आजीला वेगळी खोली हवी. लहान चालेल. समुद्र दिसला नाही तरी चालेल."

इरानं टाचा उंच केल्या आणि इंग्रजीत सांगितलं. जरा जास्तच लांब सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघून इतकं मऊ हसली की मी इराला विचारलं, "तू नक्की काय सांगितलंस गं?"

"आय टोल्ड हर, माझ्या मम्मा-बाबाला बोलायचंय. पण आपण रूममध्ये असतो ना, सो ते बोलत नाहीत."

सहा वर्षांची पोर! मी सगळं लपवत होते कुणापासून?

बाई म्हणाली, खोली आहे, पण मुलाला बोलवा. सागर आला, केसांतून पाणी गळतंय, खांद्यावर टॉवेल. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहराच बदलला.

"वेगळी खोली? का? आई, तुला कोणी काही बोललं का?"

"नाही रे."

"तेजू काही बोलली का?"

बघा! मी उठून जागा करून द्यायला निघाले, आणि ठपका कुणावर? सुनेवर! तेवढ्यात तेजश्री जिन्यावरून खाली आली. तिनं ते ऐकलं. तिथंच थबकली, लॅपटॉप छातीशी धरून.

"मी काय बोलणार, सागर?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी बोलते तरी का काही?"

हॉटेलातली माणसं बघायला लागली. इरानं माझा पदर घट्ट धरला. आणि मला दिसत होतं, आता इथंच सगळं फुटणार. माझ्यामुळे. मी मध्ये बसले तरी माझ्यामुळे, उठले तरी माझ्यामुळे!

मला सुचलं ते हे. मी म्हटलं, "अरे, तू घोरतोस! ढगासारखा गडगडतोस. आयुष्यभर तुझ्या बापाचं घोरणं ऐकलं, आता तुझं ऐकायची माझ्यात ताकद नाही. मला झोप हवी. म्हातारी बाई आहे मी!"

सागरचं तोंड उघडंच राहिलं. "मी? मी घोरत नाही."

"घोरतोस!" तेजश्री म्हणाली. एकदम, तोंडातून निसटल्यासारखं. "सागर, तू प्रचंड घोरतोस. मी कितीदा सांगितलंय यार तुला."

"रेकॉर्डिंग आहे?"

"आहे! ऐकवू?"

आणि ती हसली हो. डोळ्यांत पाणी होतं आणि हसली. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती, त्याच्याशी, माझ्यामार्फत नाही. मग तिनं स्वतःच त्या काउंटरवरच्या बाईला सांगितलं आणि मला म्हणाली, "आई, दार कार्डानं उघडतं. मी दाखवते. पण तुम्हाला एकटं भीती नाही ना वाटणार?"

मी म्हटलं, "इरा आहे ना. आणि तू गं? तुला भीती वाटते का?"

का विचारलं कोण जाणे! जेजुरीच्या गाडीत विचारायचं राहिलेलं, ते तोंडातून आलं असेल. तिनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "वाटते, आई. खूप."

मी तिचा हात दाबला. आणखी काय करणार? सागर मागेच उभा होता. त्यानंही ऐकलं.

तुमच्या घोरण्याला मी चारचौघांत नावं ठेवली, माफ करा. पण खोटं तर नाही ना!

तर अशी ही माझी खोली. मागच्या बाजूची, खाली रस्ता, पलीकडे स्पंजवाल्यांच्या होड्या. समुद्राचा एवढासा तुकडा दिसतो. आतून कडी लावायची खोली, माझी एकटीची! जन्मात पहिल्यांदा. आधी आईची, मग सासूबाईंची, मग आपली, मग लेकाची. सांगू का, मला फार आवडली. पलंगावर मी मुद्दाम आडवं-तिडवं लोळून घेतलं. इरा म्हणाली, "आजी, यू आर बीइंग सिली." मी म्हटलं हो!

पण काल दिवेलागणीला एक झालं. माझी मशेरीची डबी त्या खोलीत राहिली. आणायला गेले, दारापाशी पोचले, आणि आतून आवाज. सागरचा मोठा आवाज. मग तेजश्रीचा, त्याहून मोठा. "दहा वर्षं मी तुझ्यामागे..." असं काहीतरी. मग रडणं. कोण रडत होतं सांगू? मला वाटतं, सागर.

माझा हात दारावर गेला होता. मूठ वळलेली. आत जावं, म्हणावं, पुरे करा रे पोरांनो, चला दशमी खा. एका टकटकीचं काम! दोघं लगेच डोळे पुसून "काही नाही आई" म्हणाले असते, आणि सगळं पुन्हा गप्प झालं असतं.

मी हात खाली घेतला. डबी न घेता परत आले.

म्हणजे बघा, सकाळपासून मी मशेरीशिवाय बसलेय. मी! यावरून ओळखा माझी काय अवस्था आहे. दात शिवशिवतायत, डोकं धरलंय. इरानं दोन दशम्या खाल्ल्या आणि टीव्हीसमोर बसलीय. मला तीच तीच चित्रं दिसतायत. सागर बॅग भरतोय. तेजश्री खिडकीशी उभी आहे. मी उठले नसते तर हे फुटलं नसतं, असं एकदा वाटतं. मग वाटतं, आत दाबून ठेवलेलं कधीतरी फुटणारच होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, मेन स्विच पाडल्याशिवाय वायरीला हात लावू नये. मी पाडलाय का स्विच? की चालू वायरीलाच

थांबा. इरा ओरडतेय.

परत आले. अहो! अहो, ऐका!

इरा खिडकीत चढून म्हणते, "आजी, मम्मा! आणि बाबा!" मी धावले. खाली रस्त्यापलीकडे एक बेकरी आहे, बाहेर टेबलं मांडलेली. तिथं बसलेत दोघं! त्यांच्या खोलीतून वाळूत उतरायचा जिना आहे ना, तिथून केव्हाच बाहेर पडले असतील. आणि मी इथं गालिच्यावरच्या पावलांचा कानोसा घेत बसले!

तुम्हाला वाटेल गोड गोड बोलत असतील. छे! भांडत होते. हातवारे करून भांडत होते, तेजश्री टेबलावर बोट आपटत होती, सागर मान हलवत होता. समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत बघून! मी खिडकीची चौकट धरून उभी. बोलता बोलता तेजश्रीनं त्याच्या बशीतला पाकातला तुकडा उचलला, न विचारता, आणि तोंडात टाकला. भांडण तसंच चालू. त्यानं बशी तिच्याकडे सरकवली. भांडण चालूच. तिच्या अंगावर त्याचा स्वेटर होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या.

परक्या माणसाच्या बशीत कोणी असा हात घालतं का हो?

मग सागरनं मान वर केली. मला बघितलं. एकदम कपाळावर हात मारला, आणि इकडे माझा फोन वाजला.

"आई! अगं सॉरी! नाश्त्याचं आम्ही विसरलोच. तुम्ही दोघी... म्हणजे अक्षरशः विसरलो गं."

तेजश्रीनं फोन ओढून घेतला. "आई, तुम्ही उपाशी आहात का? येतो आम्ही लगेच. तुमची डबी पण आहे माझ्याकडे."

"येऊ नका," मी म्हटलं. "मी मजेत आहे. सावकाश या."

ती मग म्हणाली, "आई, अजून काही ठरलं नाहीये हं. जायचं की राहायचं, काहीच नाही. पण सोमवारचा फोन आम्ही दोघं मिळून करणार आहोत."

"करा," म्हटलं. "आधी खाऊन घ्या."

फोन ठेवला आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की इरा घाबरली. "आजी, दे फर्गॉट अस?"

"विसरले गं बाई!" मी म्हटलं. "साफ विसरले!"

अहो, मला विसरले! ज्या लेकानं आगीचा बंब आला तेव्हापासून मला एक दिवस एकटं सोडलं नाही, तो मला उपाशी ठेवून समोर बसून बायकोशी भांडतोय! इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. सोमवारी काय होईल ते मला माहीत नाही. धाकधूक आहेच. पण मशेरीची तल्लफ गेलीय, म्हणजे बघा.

आता तुम्हाला शब्द देते. यांच्या पासपोर्टवर तो शिक्का एकदा पडू दे. मग मी दोघांना जेजुरीला पाठवणार आहे. लग्नानंतर रजा नव्हती म्हणून यांचं जाणं राहिलंय. दोघंच जातील. मी आणि इरा खाली चहाच्या टपरीवर बसू, वर बघणारसुद्धा नाही. सागर वाकला तर वाकला. उचललं तिला तर उचललं. कंबरेत भरली, तर मी शेकून देईन, पण तोंडातून एक शब्द काढणार नाही.

आणि तुमच्याबद्दल पायऱ्यांशी जे मनात धरून ठेवलं होतं, ते आज सोडलं. तुम्ही वाकला होतात ना माझ्यापुढे? सगळ्या माणसांत वाकला होतात. तेवढ्यावरच मी चढले असं समजते.

वर सासूबाईंना नमस्कार सांगा. आणि त्यांच्या एका बाजूला बसा, दुसरी बाजू माझ्यासाठी ठेवू नका. मी आले की तुमच्या शेजारी बसणार आहे.

तुमचीच,
सुमन